मालकांनी मला मारलं नव्हतं

हे मी कोणाला धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणाऱ्यांचा मला इतका वीट आला आहे की आता घरी येऊन कोणी 'मनानं खंबीर राहा' म्हटलं तर मी त्याला चहासुद्धा विचारत नाही. अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुमचा आजार लवकर ओळखू येत नाही. तुम्ही बारावी शिकलेल्या आहात, लिहा. कोणाच्या तरी कामी येईल." म्हणून बसले आहे. कामी आलं तर बरंच. पण यातली एक गोष्ट आजाराची नाही, माझी आहे. ती गाळली तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

माझं नाव कुसुम. कारंजा लाडच्या अलीकडे आमचं गाव. घरचं थोडं बागायत आहे. वांगी, मेथी, दोडके आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पिकवायचं काम मालकांचं, विकायचं माझं. मालक म्हणजे माझा नवरा, गजानन. म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, नाहीतर घरात मालकी होती ती माझ्या तोंडाची. चोवीस वर्षं कारंज्याच्या बाजारात मी एकाच जागेवर बसले. गिऱ्हाइकानं उगाच भाव पाडून मागितला की माझं तोंड सुरू व्हायचं, आणि काही लोक नुसते ते ऐकायला थांबायचे. जाताना जुडी घेऊनच जायचे.

आधी पाय, मग जीभ

सुरुवात पायांपासून झाली. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतून बसायचा. मग लघवीला फेस यायला लागला, साबणाच्या पाण्यासारखा. विहिरीपासून घरापर्यंत यायला दोनदा बसावं लागायचं. एका डॉक्टरनं मीठ बंद केलं. दुसऱ्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसरा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पाळी जायचं वय आहे, असंच होतं." चाळिशी उलटलेल्या बाईला काहीही झालं तरी ते वयावर ढकलता येतं, ही फार मोठी सोय आहे. तपासायचा त्रास वाचतो.

मग जीभ जड झाली. आधी वाटलं, तोंड आलं असेल. आरशात पाहिलं तर जिभेच्या दोन्ही कडांवर दातांच्या खुणा उमटलेल्या, पिठाच्या गोळ्यावर बोटं दाबावीत तशा. शब्द तोंडातून ओले होऊन बाहेर यायला लागले. धाकट्या पोरीनं सासरहून फोन केला, तर म्हणते, "आई, तू तोंडात काही ठेवून बोलून राह्यली काय?"

बाजारात मी भाव सांगितला की लोक "काय?" म्हणून परत विचारायचे आणि आपसात हसायचे. एकानं शेजारच्या लसूणवालीला हळूच विचारलं, "बाई घेते का वं?" आणि अंगठा ओठाला लावून दाखवला. मी ते पाहिलं. त्याला जे सुनवायचं होतं ते माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं.

हे मालकांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपल्या भरून पदर खोचते, तर हे गाडीला टोपल्या बांधून तयार.

"तू घरी राय. बजारात म्या बसतो."

"काहून?"

"लोक हसून राह्यले वं. कायले बसतं तठी?"

किक मारली आणि गेले. माझ्या जागेवर, माझंच पोतं पसरून बसले. संध्याकाळी अर्धी मेथी परत घेऊन आले, कारण त्यांना ओरडता येत नाही. ते माझी लाज झाकायला गेले होते, हे आज कळतं. त्या दिवशी एवढंच कळलं की मला माझ्या जागेवरून उठवलं आहे, आणि तेही ज्याला भाव सांगता येत नाही त्या माणसानं. आठ दिवस उलटले तरी मी त्यांच्याशी शब्द बोलले नव्हते.

बैठक

नवव्या दिवशी मेथीच्या वाफ्यात निंदायला वाकले होते. खोकल्याची उबळ आली, जोराची. थांबली, मी कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना आरशात पाहिलं, तर दोन्ही डोळ्यांभोवती जांभळं-काळं पडलेलं. दुखत काहीच नव्हतं. मालक घाबरले. "अकोल्याले जाऊ, आत्ताच जाऊ," म्हणाले. मी अबोला न सोडता घागर उचलली आणि नळावर गेले.

तिथं शेजारीण होतीच. "काय झालं वं कुसुम?"

"काई नाई."

काळ्या डोळ्यांची बाई 'काई नाई' म्हणाली की गावात त्याचा अर्थ एकच होतो. बहुतेक वेळा तो खराही असतो, म्हणून लोकांना दोष देता येत नाही. तरी मी देते.

आमच्याकडे पोरीला मारहाण झाली की माहेरची चार माणसं येतात, सासरच्या गावची चार बसतात, आणि जावयाकडून कागदावर लिहून घेतात. पोलिसांत जायच्या आधीचा हा आमचा रस्ता. गावातून कोणीतरी माहेरी फोन केला, आणि आसेगावहून माझा थोरला भाऊ, दिगंबरदादा, त्याच दुपारी माणसं घेऊन आला. देवळासमोरच्या ओट्यावर बैठक बसली. मला मध्ये बसवलं, पदर मागं घ्यायला लावला, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

"पाहा, जवाईबुवा," दादा म्हणाला. "हे काय हाय?"

"म्या हात नाई लावला. सकाऊन उठली तं असं दिसलं. म्या तिले दवाखान्यात नेतो म्हनून राह्यलो."

"डोये असे आपोआप काये होतेत काय?"

"मले काय मालूम, दादा. म्हनून तं नेतो म्हनतो."

कोणीतरी हसलं. मग दादा माझ्याकडे वळला. "कुसुम, तू सांग. यायनं मारलं का?"

मी मालकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच. उलट सुटल्यासारखे दिसले. आता ही बोलेल आणि विषय संपेल, असं त्यांना वाटत होतं. चोवीस वर्षं त्यांनी माझं तोंड सोसलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदाच ते त्यांना हवं होतं.

मी मान खाली घातली.

मग काय व्हायचं ते झालं. दादा मला आसेगावला घेऊन जायला निघाला. मालक मध्ये उभे राहिले. म्हणाले, "लिहून काय घ्याचं ते घ्या. पन तिले नेऊ नोका. उद्या तिले अकोल्याले नेऊ द्या." कागदावर दुसऱ्यानं मजकूर लिहिला, 'मी यापुढे पत्नीस मारहाण करणार नाही.' मालकांनी खाली शाळेतल्यासारखी सावकाश सही केली. न केलेल्या गुन्ह्याची कबुली त्यांनी मला डॉक्टरकडे नेता यावं म्हणून दिली. आणि मी बसून पाहिली.

मी गप्प का बसले? मला बरं वाटलं म्हणून. मला बाजारातून उठवलं, आता तुम्हीही चार लोकांत खाली पाहा, असं वाटलं. याच्यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही. असतं तर दिलं असतं.

दार लावून

अकोल्याला डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी माझे डोळे पाहिले आणि मालकांना बाहेर पाठवलं. दार लावलं. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात विचारलं, "घरी मारहाण होते का? इथं सांगितलेलं बाहेर जाणार नाही."

"नाही," मी म्हणाले.

लगेच म्हणाले. एका दमात. गावासमोर जे तोंडातून निघालं नाही ते बंद दारामागं फुकटात निघालं.

"नक्की?"

"नक्की. खोकले, आणि दुसऱ्या दिवशी असं झालं."

त्या म्हणाल्या, "जीभ दाखवा बरं." मी दाखवली. त्यांनी पायावर अंगठा दाबून ठेवला, खड्डा पडला तो भरेना. लघवीला फेस येतो का, उठताना अंधारी येते का, हे त्यांनीच विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझे पाय, जीभ आणि डोळे एकाच बाईचे आहेत असं धरलं होतं. हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी घ्यावं. एका डॉक्टरला पाय आणि दुसऱ्याला जीभ, असं वाटून दाखवू नका. सगळं एका जागी, एका दमात सांगा. त्यानं ऐकलं नाही तर उठून दुसरीकडे जा. जाताना दोन शब्द सुनावले तरी चालेल.

त्यांनी पोटावरच्या चरबीचा तुकडा तपासायला काढला आणि आम्हाला नागपूरला पाठवलं.

शेवया

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात बाकड्यावर बसून आजाराचं नाव कळलं. अमायलॉइडोसिस. त्या जिभेनं ते नाव नीट म्हणायला मला तीन आठवडे लागले.

तिथले डॉक्टर वयस्कर होते, वऱ्हाडातलेच. म्हणाले, "बाई, शेवया करता ना घरी? तार वेगळी राहिली तर शेवई. ओली असताना एकीला एक चिकटली तर लगदा. मग तो सोडवता येत नाही, शिजत नाही, पचत नाही. शरीरातलं प्रोटीन म्हणजे अशीच तार. ती ठराविक पद्धतीनं दुमडावी लागते. तुमच्या हाडांच्या मगजात काही पेशी बिघडल्यात. त्या चुकीची तार काढतात. ती वाकडी दुमडते, एकमेकींना चिकटते आणि जाईल तिथं साचते. मूत्रपिंडात साचली म्हणून फेस आणि सूज. जिभेत साचली म्हणून जीभ वाढली. बारीक रक्तवाहिन्यांत साचली, त्या ठिसूळ झाल्या, म्हणून खोकल्यानं डोळ्यांखाली रक्त उतरलं."

मालक इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते पुढं आले. "म्हंजे खोकल्यानंच झालं? लिहून देता का तुमी?"

डॉक्टरांना कळलं नाही. "काय लिहून देऊ?"

"काई नाई," मालक म्हणाले.

मी विचारलं, "अजून कुठं साचलं आहे?"

"हृदयात थोडं. किती आणि पुढं वाढतं की थांबतं, यावर सगळं आहे. साचलेलं आम्हाला झाडून काढता येत नाही. नवीन तयार होणं बंद करू. मग शरीर हळूहळू काय करतं ते पाहू."

भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही हो, मला पेढे वाटावेसे वाटले! हृदयात लगदा साचतोय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? दवाखान्याच्या दारात मी मालकांचा हात धरला. चोवीस वर्षांत रस्त्यावर मी तो कधी धरला नव्हता. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत.

तुरीची डाळ

प्रोटीन बिघडलं आहे, एवढं मालकांनी पक्कं ध्यानात ठेवलं. घरी आल्याबरोबर तुरीच्या डाळीचा डबा शेजारी देऊन आले. हरभरा गेला, बेसन गेलं, अंडी गेली. वरण नाही, झुणका नाही. तीन आठवडे मी भात, साबुदाणा आणि दोडक्याची भाजी खाल्ली. मालकही तेच खायचे, मला वासानं त्रास नको म्हणून. वऱ्हाडी माणसानं तीन आठवडे वरणाशिवाय काढणं ही तपश्चर्या आहे, आणि ती साफ चुकीची होती.

पुढच्या तपासणीला वजन घसरलेलं. अकोल्याच्या बाईंनी विचारलं, "खाता काय?" मालकांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काका, डाळीतलं प्रोटीन वेगळं आणि हे वेगळं! यांच्या लघवीतून आधीच प्रोटीन जातंय, त्यात तुम्ही खायचं बंद केलं? आजारानं नाही, तुम्ही मारलं असतं यांना."

बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत. पण 'मारलं' हा शब्द ऐकून मालकांचा चेहरा असा झाला की मी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मंगळवार

दर मंगळवारी अकोला. पोटात एक इंजेक्शन, सोबत गोळ्या. त्यातल्या काही एकदम पाच घ्यायच्या. सिस्टर म्हणाली, "या गोळ्यांनी चिडचिड होते, झोप उडते." मालक म्हणाले, "चिडचिडीसाठी गोयीची गरज नोती, सिस्टर." सगळा वॉर्ड हसला. मीही हसले असते, पण ते माझ्याकडे न बघता बोलले होते.

कारण घरी ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. गोळी घे. पाणी घे. हळू उठ. उठताना मला अंधारी यायची. आधी बसायचं, मग पाय लोंबकळत सोडायचे, मग उभं राहायचं, नाहीतर धाडकन जमिनीवर. वॉर्ड झाडणाऱ्या मावशीनं हे पाहिलं, आणि न सांगता दर मंगळवारी न्हाणीच्या दाराशी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवायला लागली. मी तिचे कधी आभार मानले नाहीत. इथं मानते.

आणि गावात? तिथं कागदाची बातमी फिरली होती. बाजारात बायका मालकांसमोर थांबायच्या, मेथी उचलायच्या, आणि ओळखीच्या बाईनं कानात काही सांगितलं की ठेवून पुढं जायच्या. देवळातल्या जेवणाला वाढायला त्यांना कोणी हाक मारली नाही. त्यांनी आजाराचं नाव सांगून पाहिलं. लोक म्हणाले, "मारून वर इंग्रजी सांगून राह्यला." त्यांचं म्हणणं खरं ठरवणं एकाच माणसाच्या हातात होतं, आणि ते माणूस दर मंगळवारी त्यांच्याच गाडीवर मागं बसून दवाखान्यात जात होतं.

मी ठरवायची, या आठवड्यात सांगते. मग उलट्या व्हायच्या, अंग दुखायचं, आणि आजाराला पुढं करून मी गप्प राहायची. आजारी माणसाला कोणी काही विचारत नाही. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

लोकांनी फारच खोदून विचारलं की मालक म्हणायचे, "तिची जीभ सुजली होती. ते बैठकीत काय बोलन?" हे कारण त्यांनीच शोधलं, त्यांनीच सगळीकडे सांगितलं. मला पळायला वाट करून दिली, आणि मी तीन महिने त्या वाटेनं आरामात ये-जा केली.

दादा आला

चौथ्या महिन्यात रिपोर्ट सुधारले. नवीन तार निघणं जवळजवळ थांबलं होतं. पायाची सूज उतरायला लागली. जीभ तेवढीच होती, तिला सगळ्यात जास्त वेळ लागणार असं बाई म्हणाल्या.

त्याच मंगळवारी दिगंबरदादा वॉर्डात आला. अकोल्याच्या बाईंना आधी भेटून, सगळं नीट समजून आला होता. माझ्या खाटेशी उभा राहिला, खिशातून तो कागद काढला आणि मालकांपुढं धरला.

"जवाईबुवा, चुकलं मायं. हा फाडून टाका."

मालकांनी कागद घेतला नाही. "तुमचं कायले चुकन, दादा? तुमी इचारलं होतं तिले. जीभ सुजली होती तिची. ते बिचारी काय बोलन?"

बोलताना ते दादाकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

पोटात इंजेक्शन नुकतंच टोचलं होतं, ती जागा जळत होती. मनात आलं, आजही गप्प बसले तर हे खरं होऊन जाईल. मी मेले तरी हेच खरं राहील.

"बोलता येत होतं," मी म्हणाले.

"आं?" दादाला कळलं नाही.

"मले बोलता येत होतं, दादा. म्या मुद्दाम नाई बोलली. यायनं मले बजारातून उठवलं, त्याचा राग होता मले. यायनं कवाच हात नाई लावला. आजवर एकदाबी नाई."

दादा शेजारच्या स्टुलावर बसला. कागद हातातच राहिला. मी मालकांकडे पाहिलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "त्याच दिवशी मालूम होतं. बैठकीच्या आधी तू आंगनातल्या कुत्र्याले शिव्या देल्या. धडधड देल्या. म्या घरात आइकून राह्यलो होतो."

"मंग तुमी कवा बोलले काहून नाई?"

"म्या कायले बोलू?" आणि तिथं त्यांचा आवाज चढला. चोवीस वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "म्या कायले बोलू वं? तुयं तोंड होतं ते! चोवीस वर्सं आइकलं म्या ते. बजारानं आइकलं, गावानं आइकलं. एक दिवस, फक्त एक दिवस मायासाठी उघडाचं होतं! लोक माया हातची भाजी घेत नाईत. पोरी फोनवर इचारतात, बाबा, खरं काय? पोटच्या पोरी! आन तू खाटेवर पडून आइकत राह्यली!"

समोरच्या खाटेवरची बाई उठून बसली. तिनं मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या सुनेकडे. ती नजर मला चांगली ओळखीची होती. आमच्या गावच्या ओट्यावर सगळ्यांची होती. सिस्टर हातातला ट्रे ठेवून धावत आली.

"ओ काका! पेशंटवर ओरडता काय? बाहेर चला आधी." तिनं मालकांच्या दंडाला धरलं आणि माझ्याकडे वाकली. "मावशी, घाबरू नका. हे त्रास देतात का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. शेवटच्या खाटेपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "सोडा त्यायले. बोलू द्या. त्यायचं अजून झालं नाई."